सोनोमाची बाटली न्यू जर्सीच्या दारात: अमेरिकेत मद्य घरपोच मागवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत एका मध्यम आकाराच्या वाइनरीत मी बाटल्यांच्या पाठवणीचं काम बघते. लग्नातली पाठवणी सोपी असते, तिथे फक्त रडायचं असतं. इथे प्रत्येक राज्याचे नियम पाठ असावे लागतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत आणि पुण्याहून फिरायला आलेल्या नातेवाइकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. नियम बदलत राहतात आणि ते बहुधा १ जानेवारी किंवा १ जुलैपासून लागू होतात. म्हणून पैसे भरण्याआधी विकणाऱ्याकडची ताजी यादी बघा.

१. अमेरिकेत वाइन घरपोच मागवता येते का? हो की नाही, एवढंच सांगा.

बहुतेक राज्यांत हो. पण तीन गोष्टी सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर देता येत नाही: खोका कुठे जाणार, विकणारा कोण (वाइनरी की दुकान), आणि बाटलीत काय आहे. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही कुठे राहता किंवा पैसे कुठून भरले याला फारसा अर्थ नाही, खोका ज्या दारात उतरणार त्या राज्याचा कायदा लागतो. दुकानासाठी प्रश्न ६ आणि व्हिस्की-बिअरसाठी प्रश्न ७ बघा.

२. देश एक, मग पन्नास कायदे कशाला?

१९२० साली सबंध देशात दारूबंदी आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती उठली. पण त्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात एक मेख आहे: एखाद्या राज्याचा कायदा मोडून त्या राज्यात मद्य आणणं हे थेट घटनेनेच मना केलं आहे. म्हणजे बंदी उठवताना दाराची किल्ली राज्यांच्या हाती दिली.

भांडण त्याहून जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी आपापल्या हद्दीत दारूबंदी केली होती. तिथले लोक शेजारच्या राज्यातून रेल्वे पार्सलने बाटल्या मागवत. ते रोखायला १९१३ मध्ये वेब-केन्यन कायदा झाला. ‘ऑनलाइन दारू’ ही चिंता इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे, फरक इतकाच की तेव्हा ऑर्डर पोस्टकार्डावर जायची.

आपल्याला यात नवल वाटायला नको. भारतातही मद्य हा राज्यसूचीतला विषय आहे, सातव्या अनुसूचीतली नोंद ८. म्हणूनच गुजरातेत एक, गोव्यात दुसरं आणि महाराष्ट्रात तिसरंच असतं.

३. वाइनरी आणि मी, दोघंही तयार आहोत. मग मधे डिस्ट्रिब्युटर कुठून येतो?

बंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्या केल्या: बनवणारा, घाऊक विकणारा (हाच डिस्ट्रिब्युटर) आणि किरकोळ विकणारा. बनवणाऱ्याने घाऊकवाल्याला विकायचं, त्याने दुकानाला, दुकानाने तुम्हाला. दारूबंदीच्या आधी कंपन्या स्वतःचे गुत्ते चालवत आणि गिऱ्हाइकाला भरमसाट पाजत. ते पुन्हा होऊ नये म्हणून मधे भिंत घातली. शिवाय मोजक्या घाऊकवाल्यांकडून कर वसूल करणं सरकारला सोपं जातं. १७ राज्यांत तर घाऊक व्यापार कमीअधिक प्रमाणात सरकार स्वतःच करतं. पेन्सिल्व्हेनिया, यूटा आणि न्यू हॅम्पशायर त्यांतली.

वाइनरीतून थेट तुमच्या घरी येणारा खोका या मधल्या पायऱ्या ओलांडतो. तो अपवाद आहे आणि त्याला वेगळा परवाना लागतो. माझं मत विचाराल तर १९३३ साली भिंतीला कारण होतं. आज ती टिकून आहे त्यात दारूच्या धोक्यापेक्षा घाऊक व्यापाऱ्यांच्या वजनाचा वाटा मोठा आहे. अल्पवयीन मुलं मागवतील, हा त्यांचा लाडका मुद्दा. केंद्रीय व्यापार आयोगाने २००३ मध्ये त्याची चौकशी केली, तेव्हा घरपोच परवानगी देणाऱ्या राज्यांनी आपल्याकडे असा त्रास फारसा नसल्याचंच कळवलं होतं.

४. २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सगळं खुलं झालं ना?

नाही, आणि हा गैरसमज मला आठवड्यातून एकदा तरी खोडावा लागतो.

मिशिगन आणि न्यू यॉर्क ही राज्यं आपल्या वाइनरींना घरपोच पाठवू देत होती, बाहेरच्यांना मात्र नाही. न्यू यॉर्कचं म्हणणं असं की बाहेरच्यांनीही पाठवावी, फक्त आधी आमच्याकडे शाखा आणि गोदाम उघडावं. व्हर्जिनियात छोटी वाइनरी चालवणाऱ्या वनिटा स्वीडनबर्ग याविरुद्ध लढल्या. मिशिगनचं प्रकरणही जोडलं गेलं आणि १६ मे २००५ रोजी ‘ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड’ या खटल्याचा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ: घरच्याला एक न्याय आणि पाहुण्याला दुसरा, असं चालणार नाही. दार उघडायचं तर दोघांना, लावायचं तर दोघांना.

‘उघडलंच पाहिजे’ असं कोर्ट कुठेही म्हणालं नाही. तरी बहुतेक राज्यांनी उघडण्याची वाट धरली, कारण आपल्याच द्राक्ष बागायतदारांना नाराज करून कोण निवडून येणार? पण हे सावकाश झालं. मॅसॅच्युसेट्स २०१५ मध्ये आलं, पेन्सिल्व्हेनिया २०१६, ओक्लाहोमा २०१८ आणि अलाबामा २०२१ मध्ये.

५. एका वेळी किती बाटल्या मागवता येतात?

एक केस म्हणजे ७५० मिलीच्या १२ बाटल्या, ९ लिटर. आमच्या टेबलाला चिकटवलेल्या कागदावरचे काही आकडे देते. न्यू यॉर्कमध्ये एका वाइनरीकडून वर्षाला ३६ केस चालतात. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १२, व्हर्जिनियात महिन्याला २. टेक्सास केस मोजतच नाही, गॅलन मोजतं: एका वाइनरीकडून महिन्याला ९ गॅलन, म्हणजे ४५ बाटल्या. ‘संपेल का हो आमच्याकडून?’ असं डॅलसच्या एका काकांनी विचारलं होतं. संपवायलाच हवी असा नियम नाही.

मर्यादा बहुतेक ठिकाणी दर वाइनरीमागे असते. दोन वेगळ्या वाइनरींकडून मागवलं तर बहुधा दोन वेगळी खाती धरतात. हिशेब ठेवणं आमच्या गळ्यात असतं. तुमची ऑर्डर यंत्रणेने मधेच अडवली तर त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

काही राज्यांनी बाटल्यांखेरीज वाइनरीचाही आकार मोजला. न्यू जर्सीने २०१२ मध्ये दार उघडलं ते वर्षाला २,५०,००० गॅलनच्या वर वाइन बनवणाऱ्यांना बाहेर ठेवून. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या घरी एखाद्या अनोळखी छोट्या वाइनरीचा खोका यायचा, पण दुकानोदुकानी दिसणाऱ्या मोठ्या ब्रँडचा नाही. मॅसॅच्युसेट्सने ३०,००० गॅलनचा असाच उंबरठा घातला होता. स्थानिक वाइनरी सगळ्या त्याच्या आत बसत होत्या! अपील कोर्टाने २०१० मध्ये तो भेदभाव ठरवून रद्द केला.

६. वाइनरीऐवजी दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून मागवलं तर काय बिघडलं? बाटली तीच आणि स्वस्तही.

बाटली तीच असली तरी परवाना तो नाही. बाहेरच्या राज्यातल्या दुकानाला घरपोच पाठवू देणारी राज्यं जेमतेम डझनभर आहेत. २००५ चा निकाल बनवणाऱ्यांविषयी होता, दुकानदारांनाही तोच न्याय लागतो का यावर अजून कोर्टकचेऱ्या चालतात.

२०१९ मध्ये आशा वाढली होती. मुलीच्या तब्येतीसाठी हवा बदलायला यूटाहून मेम्फिसला आलेल्या एका दांपत्याला तिथे वाइनचं दुकान घ्यायचं होतं, पण टेनेसीचा कायदा म्हणे आधी दोन वर्षं इथे राहा. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ती अट काढून टाकली आणि भेदभाव करू नये हे घटनेचं तत्त्व फक्त बनवणाऱ्यांपुरतं नाही हेही स्पष्ट केलं. इतकं होऊनही पुढच्या काही वर्षांत मिशिगन, मिझूरी आणि नॉर्थ कॅरोलायना यांनी बाहेरच्या दुकानांवर घातलेली बंदी अपील कोर्टांनी कायम ठेवली. तिथला युक्तिवाद असा की राज्यातल्या दुकानाचा माल राज्याच्या घाऊकवाल्याकडूनच येतो, बाहेरच्याचा येत नाही. हा फरक राज्याने ओळखला तर तो भेदभाव नाही, व्यवस्थेचाच भाग आहे.

आयात वाइनला याचा जास्त फटका बसतो. फ्रान्स-इटलीच्या बाटलीला इथे वाइनरी नसतेच, तिला दुकानाशिवाय वाट नाही.

७. व्हिस्की आणि बिअर?

व्हिस्कीला थेट दार उघडणारी राज्यं थोडी. केंटकी, नेब्रास्का आणि नॉर्थ डकोटा ही त्यांतली. बर्बन व्हिस्कीचं माहेर असलेल्या केंटकीनेही हे २०२० च्या कायद्यानंतर केलं. बिअरला व्हर्जिनिया, व्हर्माँट, ओहायो अशी काही जास्त आहेत. वाइनला एवढी सूट का, तर छोट्या वाइनरी शेतकऱ्यांच्या नावाने मोर्चा काढू शकतात, आणि आलेल्या पर्यटकाला दोन बाटल्या घरी पाठवायच्या असतातच.

८. डोअरडॅशवाला चाळीस मिनिटांत वाइन आणून देतो. मग तुमच्याकडूनच एवढे सोपस्कार का?

कारण तो तुमच्याच गावातल्या, तुमच्याच राज्याचा परवाना असलेल्या दुकानाची बाटली आणतो. तिन्ही पायऱ्या पाळून झालेल्या असतात, उरतो फक्त रस्ता. कायद्याच्या भाषेत ही ‘डिलिव्हरी’, आमचं ‘शिपिंग’.

९. कॅलिफोर्नियातल्या नापाला गेलो की मीच खोका बांधून पोस्टाने घरी पाठवला तर?

पाठवू नका. अमेरिकन टपालखात्यातून मद्य पाठवणं केंद्रीय कायद्यानेच मना आहे, आणि ते १९०९ पासून. यूपीएस आणि फेडेक्सही मद्य फक्त परवानाधारक आणि करार केलेल्या व्यापाऱ्याकडूनच घेतात. साध्या माणसाकडून घेत नाहीत, मग खोक्यावर ‘ऑलिव्ह ऑइल’ लिहिलेलं असो की ‘लोणचं’. एका ओळखीच्यांनी लोणचंच लिहिलं होतं. बाटली फुटली आणि खोक्यातून लाल ओघळ आल्यावर पुढचं संभाषण अवघड झालं.

सरळ मार्ग दोन. जिथून विकत घेतली त्या वाइनरीलाच पाठवायला सांगा, नाहीतर विमानात चेक-इन सामानात घाला (प्रश्न १६).

१०. खोका आला तेव्हा घरी फक्त आईबाबा होते. त्यांनी सही केली तर चालेल?

चालेल. ऑर्डर देणाऱ्यानेच सही केली पाहिजे असं नाही. २१ वर्षांच्या वरचं कोणीतरी हवं आणि जवळ फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र हवं. पुण्याहून आलेल्या आईबाबांसाठी पासपोर्ट पुरतो, आधार कार्ड दाखवू नका. ते इंग्रजीत असलं तरी ड्रायव्हरच्या ओळखीचं नसतं.

सत्तरीच्या बाबांना ‘आयडी प्लीज’ म्हटल्यावर राग येतो, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे. ‘माझे पांढरे केस दिसत नाहीत का याला?’ असं म्हणून ते आत निघून गेले. खोका परत गाडीत गेला.

‘दारात ठेवून जा’ अशी चिठ्ठी चालत नाही. साधारण तीन फेऱ्या झाल्या की खोका आमच्याकडे परत येतो आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाच्या तरी माथी बसतो. ऑफिसचा पत्ता द्या किंवा कुरिअरच्या केंद्रावर थांबवून ठेवा. वयाची २१ ची अट आज सगळ्या राज्यांत आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने रस्त्यांच्या निधीची कात्री दाखवून ती सगळीकडे करायला लावली.

११. दिवाळीला भावाला भेट पाठवायची आहे. तो दुसऱ्या राज्यात आहे.

पाठवता येते. घेणारा आणि देणारा दोघंही २१ च्या वर हवेत, आणि कायदा भावाच्या राज्याचा. फराळाच्या डब्यातच बाटली घालून पाठवा म्हणाल तर नाही (प्रश्न ९). एक सुचवते: आधी त्याला सांगा. सरप्राइज म्हणून पाठवलेल्या खोक्यांतले निम्मे आमच्याकडे परत येतात, कारण सही करायला कोणी नसतं.

१२. बिलावर दोन-दोन कर का दिसतात?

विक्रीकर तुमच्या पत्त्याप्रमाणे लागतो, तो बहुधा बिलावर वेगळा दिसतो. अबकारी कर वाइनरी तुमच्या राज्याला भरते. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा अबकारी कर गॅलनला २० सेंट, म्हणजे बाटलीमागे चार सेंट. काही राज्यांचा याच्या कितीतरी पट. पैशापेक्षा कागदांचा ताप मोठा असतो. एकेका राज्याचा वेगळा परवाना, वेगळी फी, वेगळं विवरणपत्र. छोट्या वाइनरीच्या यादीत तुमचं राज्य नसेल तर कायद्यानेच अडवलंय असं धरू नका, वर्षाला चार खोक्यांसाठी तो व्याप परवडत नाही इतकंच.

१३. जुलैत ऑर्डर दिली आणि तुम्ही ऑक्टोबरला पाठवणार म्हणता?

हो, आणि हे तुमच्याच भल्यासाठी. उन्हात उभ्या गाडीत पेटी दिवसभर राहिली की बूच वर सरकतं, बाटलीच्या गळ्याला चिकट ओघळ येतो आणि वाइन शिजलेल्या फळासारखी लागते. ॲरिझोनाहून परत आलेला एक खोका मी स्वतः उघडला आहे. बारापैकी सात बुचं बोटाला लागतील इतकी बाहेर आली होती. घाई असेल तर बर्फाच्या पिशव्या आणि जलद सेवा मिळते, पण ती कधीकधी बाटलीपेक्षा महाग पडते.

१४. आमची बदली यूटाला झाली. वाइन क्लबचं (म्हणजे वाइनरीकडून ठरावीक काळाने येणाऱ्या खोक्यांचं) काय करायचं?

पत्ता बदलण्याआधी क्लब थांबवा. यूटा थेट खोके घेत नाही, तिथे पाठवणं हा पाठवणाऱ्यावर गंभीर गुन्हा आहे. हवी ती बाटली राज्याच्या सरकारी दुकानामार्फत खास मागवता येते, पण सरकारी चढत्या भावाने. शेजारच्या राज्यातल्या मित्राच्या पत्त्यावर मागवून आणणं हा सल्ला मी देणार नाही. सीमेपलीकडे किती नेता येतं, यालाही यूटाचाच नियम आहे.

१५. प्रत्यक्ष वाइनरीत जाऊन घेतली तर वेगळा नियम आहे म्हणे?

आहे, आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे. विमानप्रवासावर सुरक्षेची बंधनं लागू असतील त्या काळापुरती २००२ च्या केंद्रीय कायद्यात एक खिडकी आहे. तुम्ही स्वतः वाइनरीत हजर राहून वाइन घेतली, वयाचा पुरावा दाखवला, वाइन स्वतःसाठी असेल आणि तेवढीच वाइन हाताने घरी नेणं तुमच्या राज्यात कायदेशीर असेल, तर वाइनरी ती पाठवू शकते. खोक्यावर प्रौढ माणसाची सही हवी असा शिक्का लागतोच. अटींतली शेवटची मोठी: हाताने न्यायला बंदी तर पाठवायलाही बंदी. शिवाय काही राज्यांनी आपल्या कायद्यातच ‘फक्त प्रत्यक्ष भेटीत घेतलेली’ अशी अट घातली आहे. ऱ्होड आयलंड त्यांतलं. तिथल्या कोणाला वाइन क्लबमध्ये नाव घालायचं असेल तर आधी आमच्याशी बोला.

१६. नाशिकची वाइन किंवा गोव्याची फेणी भारतातून मागवता येईल का?

पार्सलने नाही. अमेरिकेत मद्य आणायला आयातदाराचा केंद्रीय परवाना लागतो, मामा-मावशीने पाठवलेला खोका कस्टम्सला अडकेल. बॅगेतून आणता येते. २१ च्या वरच्या प्रवाशाला १ लिटर करमुक्त, त्याहून जास्त असेल तर थोडी ड्युटी पडते आणि उतरणाऱ्या राज्याचा नियम वेगळा बघावा लागतो. विमानाच्या नियमांप्रमाणे २४ ते ७० टक्के मद्यार्काच्या पेयांना माणशी ५ लिटर, चेक-इनमध्ये, सीलबंद. फेणी यात बसते. वाइन २४ टक्क्यांच्या खाली असल्याने तिला ही मर्यादा नाही. ७० च्या वरचं काहीच नेता येत नाही.

उलट दिशेने, भारतात जाताना २ लिटर करमुक्त.

१७. महाराष्ट्रात टाळेबंदीत घरपोच मिळू लागली, मग अमेरिकाच मागे कशी?

महाराष्ट्रात मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, परवानाधारक ग्राहकाला जवळच्या दुकानातून घरपोच देण्याची सोय झाली. ती प्रश्न ८ मधली ‘डिलिव्हरी’ झाली. नाशिकच्या वाइनरीने थेट बंगळुरूच्या घरी खोका पाठवणं ही वेगळी गोष्ट. शिवाय तिकडे पिणाऱ्यालाच परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून. हे इथल्या लोकांना सांगितलं की ते हसतात. मग मी त्यांना टेनेसीतल्या मूर काउंटीची आठवण करून देते. जॅक डॅनियल्स जिथे बनते ती काउंटीच कोरडी आहे.

१८. आमच्या काउंटीत दारूबंदी आहे. राज्य हो म्हणतं. काय करू?

वर्धा आणि गडचिरोलीसारखंच समजा. राज्यात परवानगी असली तरी आतला भाग बंद असू शकतो. केंटकीत कोरड्या भागात पाठवता येत नाही. आम्ही पिन कोड टाकून तपासतो, ऑर्डर देतानाच विचारा.

१९. घरी जांभळाची वाइन केली आहे. बहिणीला पाठवू?

करायला हरकत नाही. केंद्रीय कायद्याप्रमाणे एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन चालतात, पण विकायची नाही. पाठवायची तर वाट नाही, प्रश्न ९ प्रमाणेच. बहिणीकडे गाडीने जाणार असाल तर तिच्या राज्याचा नियम बघून न्या.

२०. खोका आला, पण दोन बाटल्या फुटलेल्या. आता?

खोका, पुठ्ठ्याचे साचे आणि काचा, काहीच टाकू नका. फोटो काढा, लेबल दिसेल असा एक तरी. त्याच दिवशी वाइनरीला कळवा, कुरिअरकडे दावा आम्हीच करतो. दोन बाटल्या पुन्हा पाठवल्या की त्या नव्या ऑर्डरसारख्याच नोंदवल्या जातात आणि त्यांच्यावरही सही लागते. तेव्हा बाबांचा पासपोर्ट दाराजवळच्या खणात ठेवा.